गळ्यातलं चाक आणि आजीचे पाय: वेळेआधी जन्मलेल्या बाळाला पाण्यातला व्यायाम हवा का?

संक्रांतीच्या आधीच्या आठवड्यात यवतमाळ जिल्ह्यातल्या घाटंजीकडची एक आजी सुनेला आणि नातवाला घेऊन आली. नंबर लागायला वेळ होता. बाकावर बसल्या बसल्याच तिनं मोबाइल माझ्यासमोर धरला. रील होती. निळंशार पाणी, त्यात गुटगुटीत बाळ, गळ्यात हवा भरलेलं गुलाबी चाक, बाळ पाय झाडतंय आणि मागे कसलंसं गाणं.

"हे पाह्यलं काय म्याडम? असं सोडलं का लेकराच्या पायात जोर येते म्हन्ते. आमच्या घरी सिमेटाचं टाकं हाये. चाक तेवढं बलावून घेऊ काय?"

तिचा नातू पोळ्याच्या दिवशी जन्मला, व्हायचा होता दिवाळीत. जन्मताना वजन १,४५० ग्रॅम. पहिला महिना जिल्ह्याच्या दवाखान्यातल्या नवजात कक्षात गेला. आता साडेचार महिने झाले तरी तो मान धरत नाही, ही आजीची खरी काळजी होती आणि चाक हा तिनं तिच्यापरीनं शोधलेला उपाय.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. लहान मुलांच्या हालचालींवर काम करते. या रीलबद्दल मला इतक्या जणांनी विचारलंय की एकदा सविस्तर लिहिलेलं बरं. चाक घेऊ नका, एवढं उत्तर एका ओळीत देता येतं. पण तेवढ्यानं भागत नाही, कारण पाण्याबद्दल आजीला जे वाटलं ते सगळंच चूक नाही.

वेळेआधी म्हणजे किती आधी?

गरोदरपण साधारण ४० आठवड्यांचं धरतात. ३७ आठवडे पूर्ण होण्याआधी जन्मलेलं बाळ म्हणजे अपुऱ्या दिवसांचं बाळ. त्यातही फरक आहे. ३५ आठवड्यांचं बाळ आणि २८ आठवड्यांचं बाळ यांना एकाच मापानं मोजता येत नाही. जितकं लवकर, तितकी जोखीम जास्त. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२० साली जगात १ कोटी ३४ लाख बाळं अशी जन्मली, म्हणजे दहातलं एक. त्यातली ३० लाखांच्या आसपास भारतातली.

कारणं बऱ्याचदा हाती लागत नाहीत. पण काही आपल्या भागात ओळखीची आहेत: अंगात रक्त कमी असणं, रक्तदाब वाढणं, जुळं, लघवीचा किंवा अंगावरून जाण्याचा जंतुसंसर्ग, दोन बाळंतपणांत कमी अंतर. विदर्भात त्यात सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची भर पडते आणि तंबाखूच्या खर्ऱ्याची, दातांना घासायच्या नसाचीही. तंबाखू तोंडात असो की दातांवर, पोटातल्या बाळापर्यंत पोचते.

एक समज मात्र इथेच निकालात काढते. "सातव्याचं वाचते, आठव्याचं वाचत नाही" असं गावोगाव ऐकू येतं. हे साफ चूक आहे. पोटात मिळालेला प्रत्येक जास्तीचा आठवडा बाळाच्या फायद्याचाच असतो. आठव्या महिन्याच्या बाळाचा धीर सोडणं आणि सातव्याच्या बाळाबाबत निर्धास्त राहणं, दोन्ही महागात पडतं.

पोळ्याला झालेलं बाळ दिवाळीचंच धरायचं

आजीच्या काळजीचं अर्धं उत्तर या हिशेबात होतं. पोळा ते दिवाळी म्हणजे दोन अमावास्यांचं अंतर, साडेआठ आठवड्यांच्या आसपास. बाळ तेवढं आधी आलं. त्याच्या मेंदूला आणि स्नायूंना आपण लवकर बाहेर आलो हे ठाऊक नसतं. ते त्यांच्या ठरल्या चालीनंच वाढत असतात. म्हणून जन्मतारखेपासूनच्या वयातून लवकर आलेले आठवडे वजा करायचे. याला सुधारित वय म्हणतात. साधारण दोन वर्षांपर्यंत बाळाची वाढ या वयानं मोजायची.

कॅलेंडरवर साडेचार महिन्यांचा असलेला हा नातू आमच्या हिशेबानं अडीच महिन्यांचा. मान चांगली धरायला तीन-चार महिने लागतात. त्यामुळे त्यानं अजून मान धरली नाही यात घाबरण्यासारखं काही नव्हतं.

गोंधळ होतो तो एकाच गोष्टीत. लसी या हिशेबानं द्यायच्या नाहीत. लसीकरण जन्मतारखेवरूनच होतं, त्यात आठवडे वजा करायचे नाहीत. "बाळ अजून कोवळं हाये" म्हणून लस पुढे ढकलणारे बरेच भेटतात, आणि लसीची खरी गरज याच बाळांना जास्त असते.

शेवटचे दोन महिने पोटात बाळ काय करतं?

शेवटच्या महिन्यांत पोटातलं बाळ म्हणजे भरल्या पोत्यातली शेवटची कैरी. जागाच नसते. गुडघे पोटाशी, हनुवटी छातीशी, हात तोंडाजवळ. अशा दाटीवाटीत बाळ लाथ मारतं, गर्भाशयाची भिंत ती लाथ परतवते आणि पाय पुन्हा पोटाशी येतो. हजारो वेळा हे घडतं. आजूबाजूला कोमट पाणी असल्यामुळे हातपाय हलकेही असतात. व्यायामशाळा म्हणावी तर यापेक्षा चांगली कुठेच नाही: भार कमी, अडसर पुरेसा, वेळ चोवीस तास. पूर्ण दिवसांचं बाळ जन्मल्यावरही मुटकुळं करून राहतं ते या कसरतीमुळे.

आता हीच कसरत बुडाली तर? लवकर आलेलं बाळ सपाट गादीवर पडतं. भिंत नाही, पाणी नाही, वरून जमिनीची ओढ. हात वर करून दोन्ही बाजूंना पसरलेले, पाय बेडकासारखे फाकलेले. आई म्हणते, "लय ढिलं लागते हाताला." बरोबर म्हणते. स्नायूंमध्ये विश्रांतीतही जो ताण असतो, त्याला टोन म्हणतात. दोरीची बाज डोळ्यांसमोर आणा. दोरी ढिली असली की माणूस मधोमध खड्ड्यात जातो, फार ताणलेली असली की अंग दुखतं. अपुऱ्या दिवसांच्या बाळाची बाज सुरुवातीला ढिली असते. पुढे बहुतेकांची ती आपल्या जागी येते. काहींची एका बाजूनं जास्तच ताणली जाते. ते का, हे खाली सांगते.

मग व्यायाम म्हणजे हातपाय ओढायचे का?

अजिबात नाही. फिजिओथेरपी म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर पाय मोडलेल्या काकांचा व्यायाम येतो: वर, खाली, दहा वेळा. बाळाला असं करत नाहीत. बाळाला हालचाल करायला भाग पडेल अशी जागा तयार करायची आणि हालचाल त्यालाच करू द्यायची, एवढंच आमचं काम.

याची सुरुवात दवाखान्यात नर्सच्या हातानं होते. बाळाभोवती मऊ कापडाच्या गुंडाळ्या लावून घरटं करतात. म्हणजे पायांना पुन्हा एक भिंत मिळते आणि हात तोंडाकडे येतात. त्यानंतर येते कांगारू पद्धत. बाळाला फक्त लंगोट आणि टोपी घालून आईच्या उघड्या छातीवर उभं, पालथं धरायचं आणि वरून कापडानं बांधायचं. कोलंबियातल्या बोगोटा शहरात १९७८ च्या सुमारास काचेच्या पेट्या कमी पडायला लागल्या, तेव्हा डॉक्टरांनी ही युक्ती काढली. आज तिचा दर्जा युक्तीपेक्षा फार वर गेलाय. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२२ मध्ये सांगितलं की अपुऱ्या दिवसांच्या आणि कमी वजनाच्या बाळांना दिवसाचे आठ ते चोवीस तास, जितके जमतील तितके, असंच ठेवावं. ऊब, दूध, श्वास, जंतुसंसर्ग या सगळ्यांसाठी ते आहे. मला मात्र त्यात व्यायामही दिसतो. आईच्या छातीवर पालथं असलेलं बाळ तिचा आवाज आला की डोकं उचलायचा प्रयत्न करतं. मान धरण्याची पहिली शिकवणी तिथेच सुरू होते. आईला शिणवटा आला तर बाप, आत्या, आजी कुणीही छातीशी धरू शकतं. बापांना लाज वाटते. एकदा बाळ छातीवर झोपी गेलं की ती कुठल्या कुठे जाते, हे मी पुष्कळदा पाहिलंय.

घरी गेल्यावरची कामं अशीच साधी आहेत. जागेपणी थोडा थोडा वेळ पालथं ठेवायचं, शेजारी कुणीतरी बसून. झोपवताना मात्र पाठीवरच. पालथं ठेवलं की चेहरा त्याच्या समोर न्यायचा, वरून नाही. वरून बोलवलं की बाळ पाठ ताणून मान मागे टाकतं. कुशीवर झोपवून दोन्ही हात छातीसमोर आणायचे, म्हणजे हाताला हात भेटतो. लाल-काळं काहीतरी, अगदी बांगडीसुद्धा, वीतभर अंतरावरून हळूहळू एका कानाकडून दुसऱ्या कानाकडे न्यायचं. उचलताना दोन्ही हात धरून खेचायचं नाही. आधी कुशीवर वळवून मग उचलायचं. दर वेळी पाच मिनिटं पुरे, पण दिवसातून पुष्कळ वेळा. दूध पाजून झाल्यावर लगेच नको. बाळ ओठ निळे करत असेल, उचक्या द्यायला लागलं, तोंड फिरवायला लागलं तर थांबायचं. बाळाचं "पुरे" असंच असतं.

याचा उपयोग होतो का? प्रामाणिक उत्तर गुंतागुंतीचं आहे. दवाखान्यातून घरी गेल्यावर अशी मदत मिळालेल्या बाळांवरचे २५ अभ्यास, त्यातली ३,६०० हून जास्त मुलं, असा एकत्रित आढावा २०१५ साली निघाला. समज, शिकणं यांत फायदा दिसला आणि तो शाळेआधीच्या वयापर्यंत टिकला. हालचालींत फायदा झाला, पण थोडा, आणि पहिल्या वर्ष-दोन वर्षांपुरताच ठळक. म्हणजे जादू नाही. जिथे पालकांनी स्वतः शिकून घरी रोज केलं तिथे परिणाम बरा, हा माझा या कामातला अनुभव आहे. आठवड्यातून एकदा माझ्या हाताखालून जाणाऱ्या बाळाला माझ्यापेक्षा त्याच्या आईचे हात शंभरपट जास्त वेळ मिळतात.

पाणी नेमकं काय करतं?

विहिरीतून पोहऱ्यानं पाणी काढलंय? भरलेली बादली पाण्याखाली असेपर्यंत बोटावर तोलता येते. काठ सोडून वर आली की खांद्याला रग लागते. पाणी बुडालेल्या वस्तूला खालून उचलून धरतं. गळ्यापर्यंत पाण्यात उभ्या असलेल्या माणसाला स्वतःचं वजन जेमतेम दहावा भाग असल्यासारखं वाटतं. ज्या बाळाचा हात जमिनीवर उचलत नाही तो पाण्यात तरंगतो, हलतो, त्याला हलल्याची जाणीव होते. शिवाय पाणी सगळीकडून सारखा, हलका दाब देतं, पोटातल्या त्या दाटीसारखा. कोमट असेल तर आखडलेले स्नायू सैल होतात.

म्हणूनच काही देशांतल्या नवजात कक्षांत प्रकृती स्थिर झालेल्या बाळांना पाण्यात ठेवण्याचे प्रयोग झाले. ब्राझीलमध्ये विशेष. बाळाला मऊ कापडात मुटकुळं करून गुंडाळतात, खांद्यापर्यंत कोमट पाण्यात अलगद उतरवतात, डोकं हातावर, पाणी ३७ ते ३८ अंश. पाच-दहा मिनिटं, बाजूला नर्स, श्वासावर नजर. अशा लहान-लहान अभ्यासांत बाळं शांत झाली, वेदनेच्या खुणा कमी दिसल्या, झोप बरी लागली. पण त्यामुळे बाळ लवकर बसलं, लवकर चाललं असा भक्कम पुरावा नाही.

मोठ्या मुलांची गोष्ट थोडी वेगळी. सेरेब्रल पाल्सी म्हणजे लहान वयात मेंदूला झालेल्या इजेमुळे हालचाली आणि तोल यांवर आलेली मर्यादा. अशी मुलं गरम पाण्याच्या तलावात, प्रशिक्षित थेरपिस्टसोबत, जमिनीवर न जमणारं चालणं करून पाहतात. त्यांना त्याची मजाही वाटते, आणि मजा वाटली की मूल जास्त वेळ करतं. मात्र असा तलाव, त्याचं तापमान, त्याचं क्लोरीन, त्यातला शिकलेला माणूस हे सगळं खेड्यात आणायचं कुठून? त्यासाठी नागपूरला चकरा मारून वर्षभर कर्ज काढणाऱ्या एका बापाला मी स्पष्ट सांगितलं होतं: तो पैसा बाळाच्या दुधाला, आईच्या जेवणाला आणि जिल्ह्याच्या केंद्रात वेळेवर येण्याला घाल.

आणि गळ्यातलं चाक?

आता आजीच्या रीलकडे येते. चाक घातलं की बाळाचं डोकं चाकावर आणि बाकीचं अंग खाली लोंबतं. मान धरायला शिकायचं तर मानेच्या स्नायूंनी डोकं सावरायला हवं. इथे ते काम प्लॅस्टिक करतं. हात तोंडाकडे, एकमेकांकडे यायला हवेत. मध्ये चाक आहे, बाळाला स्वतःचे हात दिसतही नाहीत. पाय झाडले जातात हे खरं, पण अडसराला लागून नाही, रिकाम्या पाण्यात. जे शिकवायचं तेच नेमकं टळतं. ढिल्या मानेच्या बाळाच्या मानेवर ओढ बसते ती वेगळीच.

धोका तर उघड आहे. हवा निघाली, बकल सुटलं, ओली हनुवटी निसटली, एवढं पुरतं. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं जून २०२२ मध्ये ही चाकं वापरूच नका असा इशारा दिला. वाढ मागे असलेल्या, स्नायू कमजोर असलेल्या बाळांसाठी "पाण्याची थेरपी" म्हणून ती विकली जात होती. त्यांच्याकडे आलेल्या माहितीत एक बाळ दगावलं होतं, एकाला दवाखान्यात भरती करावं लागलं होतं. दोन्ही वेळी सांभाळणाऱ्याची नजर बाळावर नव्हती.

सिमेंटच्या टाक्याबद्दल वेगळं काय सांगायचं? साठवलेलं पाणी, तळाला शेवाळ, हिवाळ्यात बर्फासारखं. दीड-दोन किलोच्या बाळाच्या अंगावर चरबीचा थर नसतो, त्याची ऊब भराभर निघून जाते. थंड पडलेलं बाळ दूध ओढत नाही, श्वास घ्यायचं विसरतं. पुढे हेच मूल रांगायला लागलं की टाकं, हौद, भरलेली बादली यांच्यावर झाकण हवं. बादलीभर पाण्यातही मूल बुडतं.

आजीची आंघोळ: काय ठेवायचं, काय सोडायचं

मी तिला म्हटलं, आजी, तुमच्या पायांवर बाळाला रोज न्हाऊ घालता ना, ते दाखवा. तिनं फरशीवर बसून पाय लांब केले. सुनेनं बाळ तिच्या पायांवर पालथं ठेवलं, छाती दोन्ही नडग्यांवर, डोकं घोट्यांकडे. आणि बाळानं डोकं उचललं. दोन बोटं, दोन क्षण, मग टेकवलं. पुन्हा उचललं.

यालाच आम्ही पालथं ठेवण्याचा व्यायाम म्हणतो. मी त्यासाठी रंगीत उशी वापरते. आजीकडे पाय होते आणि उशीपेक्षा चांगले होते, कारण ते उबदार होते आणि बाळ घसरायला लागलं की ते आपसूक जवळ येत होते. हे तिनं सोडायचं काहीच कारण नाही. तेलाचा हलका हात, न्हाणं, पुसणं आणि बाळाशी बोलणं यात रोजची वीस मिनिटं जातात. एवढा वेळ कुठलाही थेरपिस्ट देऊ शकत नाही.

सोडायचं ते वेगळं. वरून तांब्यानं तोंडावर, डोक्यावर पाणी ओतणं सोडा. अपुऱ्या दिवसांच्या बाळाला गिळणं आणि श्वास यांचा मेळ नीट जमत नाही, पाणी छातीत जातं. नाक ओढून सरळ करणं, डोकं दाबून गोल करणं, कानात-नाकात तेल घालणं, पाय धरून उलटं टांगणं, हातपाय कटकट वाजेपर्यंत वळवणं सोडा. न्हाणं झाल्यावर वेखंड-ओव्याची धुरी तर मुळीच नको. नाजूक फुप्फुसांना धूर सोसत नाही.

आणि सगळ्यात आधी, न्हाणं केव्हा? जन्मल्या दिवशी कुठल्याच बाळाला नाही. वजन दोन किलोच्या आत असेल तर डॉक्टर किंवा आशाताई हो म्हणेपर्यंत नाही. तोवर कोमट पाण्याच्या फडक्यानं पुसून घ्यायचं. नाळेची जागा कोरडी असावी. ताप, झटके, कान वाहणं, अंगावर फोड, श्वासाला धाप, यातलं काही असेल तर न्हाणं बंद.

हो मिळाल्यावर ज्यांना पाण्याचा फायदा घ्यायचाच आहे त्यांच्यासाठी गुंडाळून न्हाऊ घालणं पुरेसं आहे. दवाखान्यातून सुट्टी होण्याआधी नर्सच्या नजरेखाली एकदा आपल्या हातानं करून बघा. जुन्या धोतराचा मऊ तुकडा, त्यात बाळ गुडघे पोटाशी घेऊन सैलसर गुंडाळलेलं. प्लॅस्टिकच्या टबात खांदे जेमतेम भिजतील इतकंच पाणी. एक हात कायम मानेखाली. एकेक हात, एकेक पाय उघडून धुवायचा, परत झाकायचा. पाच मिनिटांत बाहेर, लगेच कोरडं, टोपी, आणि थेट आईच्या छातीशी. पाणी कोपरानं बघायचं, बोटांनी नाही. चुलीजवळ काम करून बोटं निबर झालेली असतात. हिवाळ्यात दार लावून घ्यायचं. उन्हाळ्यात उलटी गंमत असते. मे महिन्यात छतावरच्या काळ्या टाकीचं पाणी दुपारी नळातून उकळतं आल्यासारखं येतं. ते तसंच वापरायचं नाही. आणि न्हाऊन आलेल्या ओल्या बाळाला कूलरच्या झोतात ठेवायचं नाही, बाहेर कितीही ऊन असो.

"आपोआप होईल, कशाला घाई?"

हे वाक्य घरातले म्हणतात, शेजारचे म्हणतात, कधी कधी डॉक्टरही म्हणतात. बहुतेक बाळांच्या बाबतीत ते खरंही ठरतं. अडचण एवढीच की कुणाचं आपोआप होणार नाही हे आधी सांगता येत नाही. फार लवकर जन्मलेल्या काही बाळांच्या मेंदूत रक्तस्राव होतो किंवा हालचालींच्या तारा जिथून जातात तिथे इजा होते. अशांची बाज पुढे ताठत जाते. पूर्वी सेरेब्रल पाल्सीचं निदान व्हायला एक-दोन वर्षं लागायची, मूल चालत नाही हे कळेपर्यंत. आता ते सुधारित वयाच्या पाच-सहा महिन्यांच्या आत, कित्येकदा त्याआधीही होऊ शकतं. मेंदू तेव्हा नव्या रानासारखा असतो, जिथून पाय जास्त पडतील तिथे पांदण तयार होते. वर्षभर थांबलो तर चुकीच्या पांदणी पक्क्या होतात.

यासाठीची एक तपासणी तर मोबाइलवरच होते. सुधारित वयाच्या तीन महिन्यांच्या आसपास निरोगी बाळ जागेपणी सतत बारीक, गोलसर, सगळ्या अंगाला चळवळ करत असतं. मान, मनगटं, घोटे, सगळं नाजूकपणे वळवळतं. हाइन्झ प्रेख्टल नावाच्या डॉक्टरांनी बाळांच्या या हालचालींचा अभ्यास आयुष्यभर केला. ती वळवळ दिसली तर पुष्कळ दिलासा. नसली तर लगेच पुढच्या तपासण्या. बाळ जागं, शांत, रडत नसलेलं, पाठीवर, खेळणं-चोखणी काही नाही, हातपाय उघडे, असं दोन-तीन मिनिटांचं चित्रण करायचं आणि प्रशिक्षित माणसाला दाखवायचं. रील पाहायच्या मोबाइलचा मला माहीत असलेला हा सगळ्यात चांगला उपयोग.

घरच्यांनी काय बघायचं? सगळं सुधारित वयानं: चार महिने होऊनही मान लटकते, मुठी कायम आवळलेल्या असतात, नऊ महिन्यांनाही आधाराशिवाय बसत नाही, वर्षाच्या आत एकच हात वापरतं, लंगोट बदलताना पाय कैचीसारखे एकमेकांवर येतात, उचललं की धनुष्यासारखं मागे ताणतं. यातलं काहीही दिसलं तर दृष्ट काढा हवी तर, पण त्याच आठवड्यात दाखवा. पूर्ण निरोगी मुलांतही चालायला लागण्याचं वय सव्वाआठ महिन्यांपासून साडेसतरापर्यंत पसरलेलं असतं, हेही लक्षात असू द्या. शेजारच्या बाळाशी तुलना करून रात्र जागू नका.

आणि चालत नाही म्हणून बाजारातला चाकांचा गोल वॉकर आणू नका. त्यात मूल चवड्यांवर ढकलतं, पडतं, तोल शिकतच नाही. कॅनडानं २००४ पासून त्याच्या विक्रीवरच बंदी घातली आहे. आपला जुना लाकडी पांगुळगाडा निराळा. तो उभं राहिलेल्या मुलानं ढकलायचा असतो. मूल धरून उभं राहू लागल्यावर, सपाट अंगणात, मोठ्यांच्या नजरेसमोर तो चालतो.

"रोज जिल्ह्याला कोण नेणार?"

हा आक्षेप मला सगळ्यात खरा वाटतो. कापूस वेचणीच्या दिवसांत एका माणसाचा दिवस गेला की मजुरी गेली. एसटी दोनदाच येते. पण रोज यायची गरजच नाही. सुरुवातीला पंधरा दिवसांनी, मग महिन्यानं. आईनं शिकून जायचं, घरी करायचं, पुढच्या वेळी दाखवायचं.

सरकारी सोय फुकट आहे, ती मागून घ्यावी लागते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघरमधून सुरू झाला. अंगणवाडी-शाळेत तपासणीला येणारी गाडी त्याचीच. त्यातूनच जिल्ह्यांत लवकर उपचाराची केंद्रं उभी राहिली, जिथे बालरोगतज्ज्ञ, फिजिओ, कान-वाचेचा तज्ज्ञ एका छताखाली असावेत अशी कल्पना आहे. सगळी पदं सगळीकडे भरलेली नसतात, हेही सांगायला हवं. म्हणून निघण्याआधी आशाताईकडून फोन करून घ्या. दवाखान्यात झालेल्या बाळंतपणानंतर ती तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी येते, आणि पुढे तिसऱ्या, सहाव्या, नवव्या, बाराव्या, पंधराव्या महिन्यात. घरी जाऊन नवजात बाळ सांभाळायची ही रीत विदर्भातलीच. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी गावच्याच बायकांना शिकवून ती उभी केली आणि नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाल्याचं १९९९ मध्ये जगासमोर मांडलं. तेव्हा घरच्या हातांवर विश्वास ठेवायला आपल्याला बाहेरून कुणी सांगायची गरज नाही.

एक चक्कर मात्र कुठल्याही कामासाठी टाळू नका: डोळ्यांची. दोन किलोच्या आतलं किंवा ३४ आठवड्यांच्या आधी जन्मलेलं बाळ असेल तर पडद्याची तपासणी जन्मापासून तीस दिवसांच्या आत. फार लहान बाळांची त्याहून आधी. वेळ हुकली तर दृष्टी जाऊ शकते, आणि वेळेत सापडलं तर लेझरनं वाचते. यात सुधारित वय लावायचं नाही. कानांचीही तपासणी करून घ्या. ज्याला आईचा चेहरा दिसत नाही, आवाज येत नाही, ते मान कुणासाठी उचलणार?

आजीच्या नातवाची डोळ्यांची तपासणी झालेली होती. तीन आठवड्यांनी चित्रण घेऊन या, असं सुनेच्या कार्डावर लिहून दिलं. निघताना आजी दारात थांबली. "मंग येत्या तान्ह्या पोळ्याले हा लाकडी बैल वढन काय?"

मी बोटं मोजली. कॅलेंडरनं वर्षाचा, आमच्या हिशेबानं दहा महिन्यांचा. म्हटलं, चालणार नाही बहुतेक, बसेल. दोरी धरेल.

"हाव ना," ती म्हणाली, "मी कडेवर घेईन त्याले. दोरी मातर त्याच्याच हाती राहीन."